कॅसेटमधला सेल बदलण्याआधी: जुन्या गेमचे सेव्ह कसे वाचवायचे

पोकेमॉन गोल्डची जुनी, अस्सल कॅसेट आज गेम बॉयमध्ये घातली तर बहुधा गेम व्यवस्थित सुरू होतो. चित्र येतं, संगीत वाजतं, बटणं चालतात. फक्त मेनूत 'कंटिन्यू' हा पर्याय नसतो. 'न्यू गेम' आणि 'ऑप्शन', संपलं. ज्याने शाळेच्या सुट्ट्या त्या कॅसेटवर घालवल्या, त्याला नेमकं हवं असतं तेच गेलेलं असतं.

मग तो इंटरनेटवर शोधतो आणि त्याला सल्ला मिळतो की आतला सेल बदला. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची साठवलेली नोंद, आधीच गेला असेल तर सेल बदलून तो परत येत नाही. आणि सेव्ह अजून शाबूत असेल तर सेल काढला की तो जातो. म्हणजे ज्याच्यासाठी खटाटोप करायचा, तेच या सल्ल्याने आपल्या हाताने पुसलं जातं. माझ्या मते क्रम एकच: आधी सेव्हची कॉपी, मग सेल. असं का, ते समजायला कॅसेटच्या आत काय असतं ते पाहावं लागेल.

गेम आणि सेव्ह या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या दोन वेगळ्या चिपमध्ये राहतात. गेमचा प्रोग्रॅम रॉममध्ये असतो. चिप कारखान्यात घडवतानाच ही माहिती तिच्यात पक्की केलेली असते. वीज असो वा नसो, ती तशीच राहते. तुमचा सेव्ह मात्र खेळता खेळता लिहायचा असतो, म्हणून त्याला लिहिता येईल अशी मेमरी लागते. १९८० आणि ९०च्या दशकात त्यासाठी सर्रास वापरली गेली ती एसरॅम. ही वेगवान आणि वापरायला सोपी, पण वीज गेली की सगळं विसरणारी. म्हणून तिच्या शेजारी एक चपटा लिथियम सेल बसवायचे. घड्याळात किंवा कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर असतो तसाच, ३ व्होल्टचा.

गेमच्या प्रती लाखोंनी छापल्या गेल्या, त्यामुळे एक कॅसेट मेली तरी गेम मरत नाही. सेव्हची मात्र जगात एकच प्रत असते.

सेल येण्याआधीचा काळ आणखी मजेशीर होता. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी गेम मशिनवर १९८६मध्ये आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये सेव्ह नव्हताच. गेम तुम्हाला २० अक्षरांचा एक मंत्र द्यायचा. तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी टाइप करायचा. तुमची पातळी, पैसे, सामान सगळं त्या अक्षरांत दडवलेलं. दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकीचं उतरवलं की सगळी मेहनत वाया. पण या पद्धतीत एक गुण होता जो नंतर कधीच मिळाला नाही: ती वही आजही घरात सापडली तर तो सेव्ह आजही चालेल. १९८८च्या तिसऱ्या भागात सेल आला, मंत्र गेला, आणि अचानक सेव्ह उडाल्याचं दुःख जपानी मुलांच्या वाट्याला आलं.

अमेरिकेत १९८७मध्ये आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या सोनेरी कॅसेटमध्येही सेल होता. या गेममध्ये एक सूचना दिसते: रीसेट बटण दाबून धरा आणि मगच मशिन बंद करा. ही सूचना आजही पाळायची आहे. पॉवर बंद करताना व्होल्टेज एका झटक्यात शून्यावर येत नाही, काही क्षण घसरत जातं. तेवढ्या वेळात प्रोसेसर भरकटून मेमरीत भलत्याच जागी भलतंच लिहू शकतो. रीसेट दाबून धरलं की प्रोसेसर गप्प बसतो. नंतरच्या कॅसेटमध्ये याची काळजी घेणारं सर्किट आलं, त्यामुळे सूचना गेली. पण सेव्ह होत असताना कोणतंही जुनं मशिन बंद करू नये, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम मिळायचे, ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला. त्यांच्या '९९९९ इन १' कॅसेटमध्ये सेलचा प्रश्न फारसा आलाच नाही, कारण 'काँट्रा' आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' मुळात काही सेव्हच करत नाहीत. लाइट गेली की पहिल्या लेव्हलपासून. त्यामुळे सेव्ह वाचवण्याचा हा प्रश्न आपल्याकडे येतो तो मुख्यतः परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या गेम बॉयच्या कॅसेट आणि पुढे घरोघरी पोचलेल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डांबाबत.

आता सेल किती टिकतो ते बघू. मशिन चालू असतं तेव्हा मेमरीला वीज मशिनकडून मिळते. सेल स्वस्थ बसलेला असतो. मशिन बंद केलं किंवा कॅसेट काढून ठेवली की सेलचं काम सुरू होतं. म्हणजे रोज खेळल्याने सेल संपत नाही, तो संपतो कपाटात पडून. 'मी तर ती जपून ठेवली होती, हातही लावला नव्हता' असं म्हणणाऱ्याचा सेव्हही म्हणूनच गेलेला असतो.

कपाटातली एसरॅम अगदी थोडी वीज घेते, साधारण एका मायक्रोअँपियरच्या आसपास. सुपर निन्टेन्डोच्या कॅसेटमध्ये असतो तो सीआर२०३२ सेल सुमारे २२० मिलिअँपियर-तासांचा. भागाकार केला तर २ लाख २० हजार तास, म्हणजे २५ वर्षं. प्रत्यक्षात सेल स्वतःहूनही हळूहळू उतरतो, प्रत्येक चिपची भूक थोडी वेगळी असते आणि उष्णतेने दोन्ही वाढतात. त्यामुळे कोणाची कॅसेट पंधरा वर्षांत गेली, कोणाची तीस वर्षांनंतरही चालू आहे. दोन्ही खरं असू शकतं.

पोकेमॉन गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल मात्र लवकर जातात. त्यांच्यात दिवस-रात्र आणि आठवड्याचे वार चालवणारं खरं घड्याळ आहे. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा एक क्वार्ट्झ स्फटिक त्याच सेलवर अखंड चालतो. मेमरी नुसती जागी ठेवणं वेगळं आणि घड्याळ चालवणं वेगळं. म्हणून १९९६च्या पहिल्या पिढीतली रेड कॅसेट अजून जिवंत आणि नंतरची गोल्ड मेलेली, हे उलटं चित्र अनेक घरांत दिसतं.

मल्टिमीटर लावून सेल किती शिल्लक आहे ते कळेल का? थोडंफार. लिथियम सेलचं व्होल्टेज आयुष्यभर ३च्या आसपास राहतं आणि शेवटी भराभर उतरतं. त्यामुळे २.५ दिसलं तर घाई करा, पण ३.० दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. साधारण २ व्होल्टच्या खाली एसरॅमची खात्री देता येत नाही. तिथे एखाद-दुसरा बिट पलटू लागतो.

आणि एक बिट पलटला तरी पुरे होतं. गेम सेव्ह करताना सगळ्या आकड्यांची एक बेरीज करून तीही शेजारी लिहून ठेवतो. उघडताना पुन्हा बेरीज करतो, आणि जुळली नाही तर सगळा सेव्ह खराब मानून नाकारतो. यात एक आशेची जागा आहे. मशिन 'सेव्ह खराब आहे' म्हणालं तरी आत बहुतेक माहिती शाबूत असू शकते, बिघडलेला असतो एखादा बाइट. अशा वेळी नवा गेम सुरू करून त्यावर सेव्ह करू नका. आहे तशी कॉपी काढा. पोकेमॉनसारख्या गेमसाठी सेव्ह दुरुस्त करणारे एडिटर मिळतात. सेल पूर्ण संपून मेमरी कोरडी पडली असेल तर मात्र कोणीही काही करू शकत नाही. हार्ड डिस्कसारखं 'रिकव्हर' करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आतापर्यंत बोललो ते सेलवाल्या मेमरीबद्दल. पण कॅसेटमध्ये सेल आहे म्हणजे सेव्ह त्याच सेलवर आहे, असं धरून चालू नका. गेम बॉय अॅडव्हान्सवरच्या पोकेमॉन रुबी आणि सफायरमध्ये सुरुवातीलाच संदेश येतो की आतली बॅटरी संपली आहे, गेम खेळता येईल, पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी आता घडणार नाहीत. हा वाचून लोकांच्या छातीत धस्स होतं. प्रत्यक्षात या कॅसेटमध्ये सेव्ह १२८ केबीच्या फ्लॅश मेमरीत असतो, जी वीज नसतानाही माहिती धरून ठेवते. सेल फक्त घड्याळासाठी. गेममधल्या बेरी उगवणार नाहीत, सेव्ह मात्र जागेवर राहील. (अस्सल कॅसेटमध्ये. नकली कॅसेट बनवणारे पैसे वाचवायला फ्लॅशऐवजी सेल आणि एसरॅम घालतात, तिथे सगळंच त्या सेलवर.)

निन्टेन्डो ६४ वर तर एकाच मशिनच्या कॅसेटमध्ये तीन तऱ्हा आहेत. 'सुपर मारिओ ६४'चा सेव्ह ईईप्रॉम नावाच्या चिपमध्ये, अवघ्या ५१२ बाइटचा, त्याला सेल नाही. 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये ३२ केबी एसरॅम आणि सेल. त्याच मालिकेतल्या पुढच्या 'मजोराज मास्क'मध्ये फ्लॅश, म्हणजे पुन्हा सेल नाही. सेगाच्या 'सोनिक ३'मध्ये १९९४ सालीच एफरॅम होती, जिला सेलही लागत नाही आणि जी हळू लिहिणारीही नाही. म्हणून पहिला प्रश्न 'सेल कसा बदलू' हा नसावा. 'माझ्या गेमचा सेव्ह कुठल्या चिपमध्ये आहे' हा असावा. गेमच्या नावासोबत 'सेव्ह टाइप' शोधलं की याद्या मिळतात.

सेगा सॅटर्नची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे सेव्ह मशिनच्याच पोटात असतात, ३२ केबीमध्ये, आणि सेल मागच्या बाजूच्या झाकणाआड. सोल्डर नाही, स्क्रू नाही. सेल बोटाने निघतो. मशिन चालू ठेवून बदलला तर मेमरीला वीज मिळत राहते. ड्रीमकास्टच्या छोट्या मेमरी कार्डात दोन सेल असतात आणि ते संपले की मशिन सुरू होताना कर्कश पी-पी ऐकू येते. पण ते सेल त्याच्या पडद्यासाठी आणि घड्याळासाठी. सेव्ह फ्लॅशमध्ये असतो. त्या आवाजाने कान किटतील, एवढाच तोटा.

प्लेस्टेशनचं मेमरी कार्डही फ्लॅशच. पहिल्याचं १२८ केबी, त्यात सेव्हसाठी १५ ब्लॉक. दुसऱ्याचं ८ एमबी. सेल नाही म्हणून ते अमर आहे असा समज असतो. फ्लॅशमध्ये प्रत्येक बिट म्हणजे चहूबाजूंनी बंद करून ठेवलेला थोडासा विद्युतभार. पण ते माठातलं पाणी आहे. झिरपण फार मंद असली तरी थांबत नाही. चिप बनवणारे साधारण १० वर्षं किंवा त्याहून थोडी अधिक हमी देतात. व्यवहारात कार्डं त्याहून बरीच जास्त टिकताना दिसतात, पण हमीच्या पलीकडचा काळ हा नशिबाचा. बाजारातली ६४ एमबीची नावगाव नसलेली कार्डं तर नवी असतानाही भरवशाची नव्हती.

आता कॉपी काढायची कशी.

मेमरी कार्डांचं काम सर्वांत सोपं, म्हणून आधी ते उरकून घेऊ. प्लेस्टेशन १ आणि २ दोन्हींमध्ये मेमरी कार्डाचे दोन स्लॉट आहेत आणि डिस्क न घालता मशिन सुरू केलं की एका कार्डावरून दुसऱ्यावर कॉपी करायची सोय पडद्यावरच येते. दुसरं चांगलं कार्ड मिळवा आणि आजच ते करा. कॉम्प्युटरवर आणायचं असेल तर प्लेस्टेशन २साठी 'फ्री एमसी बूट' (बाहेरचे प्रोग्रॅम चालवू देणारं सॉफ्टवेअर) घातलेलं कार्ड आणि 'यूलाँचएल्फ' हा फाइल मॅनेजर वापरून सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येतात. प्लेस्टेशन १ची कार्डं आर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला वायर जोडून वाचणारेही आहेत. फाइल मग 'मेमकार्ड रेक्स' या प्रोग्रॅममध्ये उघडते.

कॅसेटसाठी वाचक, म्हणजे कॅसेट वाचून फाइल काढणारं उपकरण लागतं. गेम बॉयच्या कॅसेटसाठी 'जीबीएक्सकार्ट' किंवा 'जीबी ऑपरेटर' यूएसबीला जोडायचे. अनेक मशिनच्या कॅसेट असतील तर 'सन्नी कार्ट रीडर' नावाचा खुला प्रकल्प आहे, आर्डुइनोवर बांधलेला. हात चालणाऱ्याने घरी बनवावा. घेण्याएवढ्या कॅसेट नसतील तर ओळखीत कोणाकडे आहे का बघा. एका कॅसेटचं काम काही मिनिटांचं असतं.

वाचण्याआधी कॅसेटचे पिन साफ करा. कोकणात किंवा मुंबईत पंचवीस पावसाळे काढलेल्या कॅसेटच्या पिनांवर काळपट थर असतोच. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, घासा, पूर्ण वाळू द्या. फुंकर मारायची सवय सोडा. तोंडातली वाफ तांब्यावर जाऊन बसते आणि गंज वाढवते. फुंकर मारल्यावर गेम चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. घाण पिनांनी कॅसेट वाचायला गेलात तर फाइल निघेल, पण चुकीची.

म्हणून फाइल एकदा नाही, दोनदा काढा आणि दोन्ही तंतोतंत सारख्या आहेत का ते तपासा. मधे कॅसेट बाहेर काढून पुन्हा घाला, म्हणजे ढिला संपर्क पकडला जाईल. फाइलचा आकार बघा: पोकेमॉन रेड किंवा गोल्डसाठी ३२,७६८ बाइट, 'झेल्डा'च्या सोनेरी कॅसेटसाठी ८,१९२. घड्याळवाल्या गेममध्ये काही सॉफ्टवेअर वेळेची माहिती शेवटी जोडतात, म्हणून आकार किंचित मोठा दिसला तर घाबरू नका. हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आकडा दिसला तर मेमरी वाचलीच गेलेली नाही. आणि शेवटची, खरी परीक्षा: 'एमजीबीए'सारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ती फाइल लावून गेम उघडा. तुमचं नाव, तुमची टीम दिसली की झालं.

इथे एक घोळ नेहमी होतो. एम्युलेटरमध्ये 'सेव्ह स्टेट' नावाचीही सोय असते. तो त्या क्षणी एम्युलेटरच्या पोटात जे होतं त्याचा फोटो असतो. दुसऱ्या एम्युलेटरमध्ये, कधी कधी त्याच एम्युलेटरच्या पुढच्या आवृत्तीतही तो उघडत नाही, आणि कॅसेटवर तर परत लिहिताच येत नाही. सांभाळायची ती कॅसेटमधून निघालेली मूळ फाइल, तिच्या नावात 'सॅव्ह' किंवा 'एसआरएम' असं शेपूट असतं. ती इतकी छोटी असते की स्वतःलाच ईमेल करून ठेवली तरी चालते. कॉम्प्युटर, पेनड्राइव्ह आणि ईमेल अशा तीन जागी असू द्या. सोबत गेमचं नाव आणि तो कुठल्या देशातला, अमेरिकी की जपानी की युरोपीय, हेही लिहा.

वाचक मिळतच नसेल तर पोकेमॉनपुरता एक जुना मार्ग आहे: दोन गेम बॉय, लिंक केबल आणि दुसरी जिवंत कॅसेट. आवडते पोकेमॉन तिकडे ट्रेड करा, सेल बदला, नवा गेम थोडा पुढे नेऊन ते परत घ्या. बॅज आणि पोकेडेक्स (पोकेमॉनची नोंदवही) जातील, पण पोकेमॉन वाचतील. नव्या खेळात तुमची ओळख बदललेली असते, त्यामुळे बॅज मिळेपर्यंत तुमचाच मोठा झालेला पोकेमॉन तुमचं ऐकणार नाही. बरोबर खेळलेल्यांना यातली गंमत कळेल.

कॉपी हातात आली की सेलची भीती उरत नाही. निन्टेन्डोच्या बऱ्याच जुन्या कॅसेटना ३.८ मिमीचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो. पेन वितळवून साचा बनवण्याचे प्रकार करू नका. आतला सेल कुठला ते त्याच्या पाठीवर वाचा. सुपर निन्टेन्डोत सहसा सीआर२०३२, पोकेमॉन गोल्डमध्ये सीआर२०२५, काही गेम बॉय कॅसेटमध्ये लहान सीआर१६१६. पहिले दोन्ही २० मिमी व्यासाचे, पण २०३२ची जाडी ३.२ मिमी आणि २०२५ची २.५. जास्त चालेल म्हणून गेम बॉयच्या कॅसेटमध्ये जाड सेल कोंबाल तर झाकण नीट बसणार नाही.

सेल पट्ट्यांनी बोर्डाला जोडलेला असतो आणि त्या पट्ट्या सेलला स्पॉट-वेल्ड केलेल्या असतात. पट्टीवाला नवा सेल घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास विचारा, नाहीतर ऑनलाइन. साध्या सेलवर थेट सोल्डर लावू नका, लिथियम सेल तापून फुटू शकतो. अधिक-उणे बघून मगच डाग द्या. सेल नुसता टेपने चिकटवणारेही आहेत. कॅसेट एकदा हातातून पडली की एवढा सगळा उपद्व्याप फुकट. आणि काढलेला सेल लगेच लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा, गिळला तर जिवावर बेततं.

काही हौशी लोक एसरॅम काढून तिच्या जागी एफरॅम बसवतात, म्हणजे सेलची कटकटच मिटते. बोर्ड सांभाळून काम करता येत असेल तर चांगला उपाय. गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळासाठी सेल तरीही लागेलच.

सेल बसला की त्याच वाचकाने फाइल कॅसेटवर परत लिहा, गेम उघडून बघा. मग कॅसेट बाहेर काढून एक रात्र तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. लगेच तपासलं तर सेलचा संपर्क लागला नसला तरी मेमरीत शिल्लक राहिलेल्या विजेवर सेव्ह थोडा वेळ टिकून फसवू शकतो. सकाळी 'कंटिन्यू' दिसला तर झाकण लावून स्क्रू पिळा, आणि घड्याळवाला गेम असेल तर आतली वेळ पुन्हा लावा.